साडेसात फूट

ते पत्र मी शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ठेवलं होतं. त्यामुळे गेले दोन महिने मी 'प'पासून सुरू होणारा एकही शब्द शोधायला गेलो नव्हतो. कपाटासमोरून जाताना नजर तिसऱ्या खंडावरून थेट पाचव्यावर उडी मारायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं एका पाकिटाला इतकं भ्यावं हे सांगतानाही संकोच वाटतो. पण सांगायला बसलोच आहे, तर आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

पत्र टाइप केलेलं होतं. लिहिणाऱ्या बाईंना दिसत नाही, हे त्यांनी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला दवाखाना आहे, तिथे त्या टेलिफोनवर बसतात. बसथांब्यापासून तिथपर्यंत आमच्याच फुटपाथवरून चालत जातात. रस्तेखात्यातल्या एका जुन्या शिपायानं त्यांना सांगितलं होतं, की हा फुटपाथ कागदावर ज्यानं काढला तो माणूस त्याच रस्त्यावर कुठेतरी राहतो. तो माणूस म्हणजे मी. त्या खात्यात मी एकतीस वर्षं नकाशे काढले. हातात सदानकदा पट्टी, म्हणून सगळे मला पट्टीकाका म्हणत. लग्न व्हायच्या आधीपासून काका. पाकिटावरही 'पट्टीकाका' आणि रस्त्याचं नाव, एवढंच होतं; टपालवाल्यानं शोधून आणून दिलं.

बाईंनी लिहिलं होतं : 'फुटपाथवर गाड्या उभ्या असतात, म्हणून मी तक्रार केली. कार्यालय म्हणतं, या फुटपाथची कड पहिल्यापासून बुटकी आणि उतरती आहे, म्हणजे गाड्या वर चढाव्यात अशीच मूळ योजना असणार. मूळ नकाशा त्यांना सापडत नाही. तुम्ही तो काढलात. खरोखर अशी योजना होती का, एवढंच कळवा. तोंडी नको, टपालानं कळवा. पाकिटावर शिक्का असला की आलंच नाही असं कुणाला म्हणता येत नाही.' पुढे सुनावणीची तारीख दिली होती.

योजना नव्हती. चूक होती, आणि ती माझी होती.

एवढंच असतं तरी कदाचित मी धीर केला असता. पण पत्राच्या शेवटी चार बोटं जागा कोरी होती. यंत्राची फीत संपल्याचं बाईंना कळलं नव्हतं, त्या टाइप करतच राहिल्या होत्या. कागद उजेडात तिरका धरला तेव्हा अक्षरांचे खड्डे दिसले. मी पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली. खड्डे पांढरे राहिले आणि ओळी वर आल्या : 'तुमच्या रस्त्यावर टपालपेटीजवळ एक गाडी असते. तिच्या आरशाला चिकटपट्टी लावली आहे. तिला माझी काठी दोनदा लागली. मालक ओळखीचे असतील, तर माझ्या वतीनं माफी मागा.'

मालक ओळखीचे होते. माझे जावई.

त्या बुधवारी सकाळी, म्हणजे सुनावणीला दोनच दिवस उरले होते तेव्हा, जावई चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे होते. बायको गेल्यापासून मी मुलीकडेच राहतो. जावई त्या आठवड्यात घरूनच काम करत होते.

"आज पुन्हा ओरखडा," ते म्हणाले. "आरसा झाला, आता दार. कुणीतरी मुद्दाम काठी मारतंय."

"मुद्दाम कशाला मारेल कुणी?" मुलगी पावाला लोणी लावत म्हणाली.

"मग काय, गाडीला गुदगुल्या करतंय?"

"फुटपाथवर लावता, मग लागणारच कुणाचं काहीतरी."

"रस्त्यावर लावू? गेल्या वर्षी त्या ट्रकनं अख्खं दार नेलं, विसरलीस? सगळे वरच लावतात. आपण एकट्यांनीच सोवळं कशाला पाळायचं?" मग ते माझ्याकडे वळले. "बाबा, तुम्ही दिवसभर खिडकीत असता. जरा लक्ष ठेवाल का? कोण आहे तो, कळलंच पाहिजे."

"ठेवतो," मी म्हणालो.

"आज तर मी भिंतीला चिकटवूनच लावली आहे. मधून मांजर जाणार नाही. बघू कसा मारतो."

मी पावाचा तुकडा चहात बुडवला आणि तो तिथेच विरघळला. चमच्यानं काढत बसलो. मला वाटतं, माझं निम्मं आयुष्य असं चहातून पाव काढण्यात गेलं.

सव्वानऊला काठीचा आवाज आला. टक, टक, टक. दोन महिने हा आवाज आला की मी पुस्तक चेहऱ्यापुढे धरत असे. ज्या बाईला दिसतच नाही तिच्यापासून तोंड लपवणारा दुसरा माणूस या जगात असेल असं वाटत नाही. खिडकीतून नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. रोज ठरवायचो, उद्या.

आज आवाज आमच्या फाटकाशी येऊन थांबला. नेहमी गाडी आणि भिंत यांच्यात दीड फुटाची फट असायची, बाई आडव्या होऊन त्यातून जात. काठीनं त्यांनी फट शोधली. भिंत लागली, लगेच गाडी लागली. पुन्हा भिंत, पुन्हा गाडी. मग त्या गाडीच्या कडेकडेनं हातानं चाचपत रस्त्याच्या बाजूला वळल्या आणि खाली उतरल्या.

ब्रेक किंचाळले. माल पोचवणारी एक बंद गाडी तिरकी होऊन थांबली. बाई आमच्या गाडीच्या पत्र्याला पाठ लावून उभ्या होत्या. काठी त्या गाडीच्या चाकाखाली होती.

मी जिना कसा उतरलो आठवत नाही. खाली पोचलो तेव्हा तो चालक खिडकीतून ओरडत होता, "मरायचंय का बाई? रस्त्यावर कशाला येता?"

"फुटपाथ भरलेला आहे हो," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "तुम्ही जा. आरडाओरड केलीत म्हणून कळलं तरी, गाडी कुठे आहे ते."

तो गेला. मी काठीचे दोन तुकडे उचलले.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"इथलाच," मी म्हणालो. "पोचवतो तुम्हाला." आणि त्यांचा दंड धरला.

"ओढू नका, मी पिशवी नाही. तुमचं कोपर द्या."

मी कोपर दिलं. आम्ही निघालो. साठीच्या आसपासच्या असाव्यात, बारीक, केस घट्ट बांधलेले. चार पावलांनी त्या म्हणाल्या, "पायात सपाता आहेत तुमच्या. आणि धाप लागलीय. म्हणजे जिना उतरून आलात. माझ्यासाठी."

"हो. म्हणजे... आवाज आला."

"आभारी आहे. ती मागची गाडी कुणाची, माहीत आहे का? चिकटपट्टीवाली?"

मी मागे वळून गाडीकडे बघितलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही तरी कुणाकुणाच्या गाड्या लक्षात ठेवणार."

आमच्या फाटकापासून दवाखान्यापर्यंत अकरा गाड्या होत्या. रोज वरून दिसत होत्या मला, पण मोजल्या त्या दिवशी, पायांनी. प्रत्येकीपाशी खाली उतरायचं, मागून काही येतंय का कान देऊन ऐकायचं, वळसा घालायचा, पुन्हा वर चढायचं. सहाव्या गाडीपाशी मीच अडखळलो.

"सांभाळा," त्या म्हणाल्या. "इथली कड फसवी आहे. उंच असली तर पायाला कळतं, की फुटपाथ संपला. इथे काही कळतच नाही. आपण रस्त्यावर आलो हे भोंगा वाजला की समजायचं. ज्यानं कुणी ही काढली, त्यानं माझ्यासारखीच काढली असणार. न बघता." आणि त्या हसल्या.

मी हसण्याचा प्रयत्न केला. त्यांना तो दिसला नाही, हे बरं झालं.

"परवा सुनावणी आहे," त्या पुढे म्हणाल्या. "कागद नाही म्हटल्यावर ते म्हणतील ते खरं. मग याच फुटपाथवर गाड्यांसाठी पांढऱ्या रेघा मारून देणार आहेत. आज निदान चोरून लावतात, उद्या हक्कानं लावतील. तसं झालं की मी नोकरी सोडणार. बावीस वर्षं आले-गेले, आता पुरे. रोज जीव मुठीत धरून फोन घ्यायला कोण येईल?"

"मग... काहीच उपाय नाही?"

"होता. इथेच एक नकाशावाले राहतात म्हणे. पट्टीकाका का काय. त्यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर नाही. वारले असतील बिचारे."

"असतील," मी म्हणालो.

दवाखान्याच्या दारातला रखवालदार पुढे आला. "बाई, काठी कुठंय? आणि हे कोण धरून आणलेत?"

"त्यांनीच मला धरून आणलं. नाव विचारायचं राहिलंच की. नाव काय तुमचं?"

"काही विशेष नाही," मी म्हणालो आणि निघालो. काही विशेष नाही! हे काय नाव झालं? परत येताना अकरा गाड्या मी मान खाली घालून ओलांडल्या.

घरी आल्यावर बसवेना. पाणी प्यायलो, पुन्हा प्यायलो. एक पुस्तक उघडलं, एकच ओळ चार वेळा वाचली. शेवटी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातले दिवाळं निघालेल्या एका प्रकाशनाचे जाडजूड खंड बाहेर काढले आणि त्यांच्या मागची पुठ्ठ्याची नळी ओढली. आत निळी प्रत होती. आमच्या रस्त्याच्या नकाशाची.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुख्य अभियंते म्हणाले होते, कड सात इंच उंच ठेवा, फक्त रस्ता ओलांडायच्या दोन जागी उतार द्या, म्हणजे बाबागाड्या आणि चाकाच्या खुर्च्या सहज वर येतील. मी कडेचे दोन छेद काढले, म्हणजे कड आडवी कापली तर दिसेल तशी चित्रं, एक उंच, एक उतरता. कुठला छेद कुठे वापरायचा, एवढीच खूण नकाशावर करायची राहिली होती. दुपारची वेळ होती. खणात एक कादंबरी होती आणि तिची शेवटची तीस पानं उरली होती. म्हटलं, खुणा उद्या सकाळी करू. मी वाचत बसलो. संध्याकाळी नकाशा छपाईला गेला. ठेकेदारानं दोन छेद बघितले आणि स्वस्तातला, बुटका, उतरता छेद या टोकापासून त्या टोकापर्यंत लावून टाकला.

आठवड्यानं माझ्या लक्षात आलं, तेव्हा निम्मे दगड बसले होते. मी एका प्रतीवर लाल शाईनं खुणा केल्या, 'उतार फक्त इथे आणि इथे, बाकी सर्वत्र उंच कड', खाली सही, तारीख. ती प्रत घेऊन साहेबांच्या दारापर्यंत गेलो. दार बंद होतं. ठोठावायचं होतं नुसतं. मी प्रत गुंडाळून घरी आणली.

कुणी काही बोललं नाही. उलट, चढायला सोपं आहे म्हणून लोक खूश होते. तेव्हा रस्त्यावर गाड्याच किती होत्या! नंतर त्या वाढल्या, आणि त्यांनाही चढायला सोपं होतं. त्या कादंबरीचा शेवट काय होता, मला आज आठवत नाही.

मी कागद पुढे ओढला. लिहिलं :

'आपल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमा असावी. मी वारलेलो नाही. आज सकाळी सपाता घालून आलेला माणूस मीच. फुटपाथ साडेसात फूट रुंद आहे आणि तो केवळ चालण्यासाठी होता. कड उतरती झाली ती योजना म्हणून नव्हे, माझ्या हलगर्जीपणामुळे. सोबत माझ्या सहीची आणि तारखेची मूळ प्रत जोडली आहे. सुनावणीत ही माझी कबुली म्हणून वाचून दाखवावी. बोलावल्यास मी येईन. चिकटपट्टीवाली गाडी माझ्या घरची आहे. माफी आपण मागायची नव्हती.'

पत्र वाचून पाहिलं. मग वाटलं, हे त्यांना दुसरं कुणीतरी वाचून दाखवणार. नकाशा तर वाचूनही दाखवता येत नाही. बावीस वर्षं ज्या फुटपाथवरून त्या गेल्या, तो कसा असायला हवा होता, हे त्यांना कळणार कसं?

बायकोचा शिवणाचा डबा मुलीच्या माळ्यावर होता. त्यात ते होतंच, लाकडी मुठीचं काटेरी चाक. कापडावर मापाच्या खुणा उमटवायला ती ते फिरवायची. जाड कागदाखाली जुनी सतरंजी घातली आणि पट्टी धरून चाक फिरवलं. कागद उलटा केला. पाठीमागे बारीक उंचवट्यांची सरळ रेघ उमटली होती. बोटाला लागत होती. मी भिंत काढली, कड काढली, रस्ता ओलांडायच्या दोन जागा काढल्या. तीस वर्षांत केलं नव्हतं इतकं नेटकं काम केलं. निदान मला तरी तसं वाटलं.

"आईचं चाक!" मुलगी दारात उभी होती. "खालच्या खोलीपर्यंत आवाज आला. मला वाटलं..." तिनं वाक्य सोडून दिलं. "काय करताय बाबा?"

शब्दकोशाचा चौथा खंड काढला आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं. पेन्सिल फिरवलेल्या ओळींपाशी थांबली, खुर्ची ओढून बसली. मग माझं उत्तर वाचलं. मग डोळे मिटून त्या कागदावर बोट ठेवलं.

"ही काय?"

"भिंत."

"आणि ही?"

"कड."

"मधला हा चौकोन? एवढा मोठा?"

"तुमची गाडी."

तिनं बोट एकदम मागे घेतलं, जसं काही कागद तापला होता. मग पत्राची घडी घालत म्हणाली, "ह्यांना मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

"तुम्ही?" ती म्हणाली. तिचा प्रश्न रास्त होता.

टपालपेटी आमच्या फाटकाशेजारी भिंतीतच बसवलेली आहे. साडेचारला टपाल काढतात आणि आज गेलेलं पत्र गावातल्या गावात उद्या पोचतं. चार वाजता मी पाकीट घेऊन खाली गेलो. पेटीचं तोंड गाडीच्या खिडकीला जवळजवळ टेकलं होतं. मी हात घालून पाहिला, मनगटापर्यंत गेला आणि अडकला. पाकीट आत जाईना. क्षणभर, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. प्रयत्न तर केला ना?

मग मी वर हाक मारली. जावई खाली आले.

"अहो, एवढंच ना? द्या इकडे," ते हसत म्हणाले. "पलीकडच्या सीटवर बसून काच खाली केली की हात थेट पेटीत. घरबसल्या म्हणतात तसं गाडीबसल्या टपाल!"

"नको. गाडी काढा, जावईबापू."

"पाच मिनिटांच्या कामासाठी?"

"पाच मिनिटांसाठी नाही." माझा आवाज चिरकला. खाकरून पुन्हा म्हणालो, "इथून काढा. पुन्हा लावू नका."

त्यांचं हसू गेलं. "बाबा, झालं काय?"

"काठी मारणारा कोण ते विचारलं होतंत ना. मारणारा नाही, एक बाई आहेत. त्यांना दिसत नाही. तुमची माफी मागितली आहे त्यांनी, दोन महिन्यांपूर्वीच. निरोप माझ्याकडे पडून होता. आज इथेच त्या चाकाखाली आल्या असत्या. काठी आली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वर बघितलं. खिडकीत मुलगी उभी होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

गाडी उतरली. धक्का बसला नाही, आवाज झाला नाही. लोण्यावरून सुरी उतरावी तशी कडेवरून खाली गेली. मी काढलेला उतार मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. काम चोख झालं होतं.

गाडीच्या जागी तेलाचा काळा डाग राहिला होता, काही सुकलेली पानं आणि मधोमध एक फरशी खचलेली. मी भिंतीला टाच लावली आणि कडेपर्यंत पावलं टाकली. साडेसात फूट. मापात फरक पडला नव्हता.

"बाबा, झालं का?" रस्त्यावरून जावयांनी विचारलं. त्यांच्या गाडीचा दिवा उघडझाप करत होता आणि मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते. "मी फेरी मारून येऊ का परत?"

"जागा शोधा दुसरीकडे," मी म्हणालो. "मी इथेच आहे."

ते गेले. मी पेटीपाशी उभा राहिलो. पाकीट तिच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि थांबलो. पत्ता नीट लिहिला होता का? 'हलगर्जीपणा' हा शब्द बरोबर होता, की आणखी कठोर हवा होता? 'बोलावल्यास येईन' म्हटलं खरं, पण चार लोकांत बोलायचं जमेल? एकदा वर जाऊन पुन्हा वाचून पाहावं का?

रस्त्याच्या वळणावर टपालवाल्याची सायकल दिसली. मी बोटं सैल केली. आत दुसरं काही नसावं. पाकीट सरळ पेटीच्या तळाशी गेलं, आणि पत्र्यावर पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.